बिडवेलबाईचं फाटक

सोनूबाईच्या तोंडी लागू नये, हे घाटकोपरच्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाई वाईट नव्हती. कुणाच्या घरी आजारपण निघालं, कुणाचं माणूस गेलं, तर सगळ्यांत आधी पदर खोचून तीच उभी राहायची. पण उभी राहता राहता चार शब्द सुनवायची, आणि ते चार शब्द माणसाला मदतीपेक्षा जास्त दिवस लक्षात राहायचे. "सोनूची मदत शिव्यांसकट घ्यावी लागते," असं शेजारची शकु म्हणायची. हे सोनूबाईच्या तोंडावर म्हणायची टाप गल्लीत एकट्या शकुचीच.

आता एवढं तिखट तोंड कुठून आलं, असं कुणी विचारलं तर त्यालाही उत्तर होतं. बहात्तरच्या दुष्काळात आईबापांनी जालन्याकडचं गाव सोडलं तेव्हा ही पोरसवदा होती. मुंबई म्हणून तिनं पहिल्यांदा पाहिलं ते देवनारचं डंपिंग. आईबरोबर कचऱ्यात भंगार वेचायचं, आणि आपल्या ढिगावर दुसरा कुणी आला की ओरडायचं. जो ओरडला नाही तो उपाशी राहिला, अशी ती शाळा. पुढं धोंडिरामशी लग्न होऊन ती घाटकोपरला आली. धोंडिराम गोदामात हमाली करायचा, फार कमी बोलायचा, आणि गेलाही लवकर. केतन तेव्हा चौथीत होता. सोनूबाई एका खासगी प्रसूतिगृहात आया म्हणून लागली आणि तिथंच तिचे केस पांढरे झाले.

त्या वॉर्डात तिचं राज्य होतं. बाळ बघायला लोक पेढे घेऊन, बाहेरची धूळ घेऊन धावत यायचे आणि दारातच सोनूबाई आडवा हात लावून उभी. "आधी हात धुऊन या, मग बाळ." आजी असो, नगरसेवकाचा भाऊ असो, सगळ्यांना एकच वाक्य. लोक चिडायचे, पण मुकाट्यानं बेसिनकडे जायचे. निवृत्त झाल्यावरही गल्लीत कुठं बारसं असलं की पोरंटोरं तिची नक्कल करायची, आधी हात धुऊन या, आणि ती खोटं खोटं रागवायची.

एवढी जन्मभर दुसऱ्यांची बाळं सांभाळली, आणि स्वतःच्या नातीला मात्र तिनं फोनच्या काचेतूनच पाहिलं होतं. त्याचं कारणही तिचं तोंडच.

केतन अंधेरीला विमानतळाच्या कार्गोत कामाला. त्यानं पसंत केलेली मुलगी तेजल, गोरेगावच्या एका स्टुडिओत मालिकांच्या कपडेपटात. साड्यांना इस्त्री, ब्लाउजला टाके, नटीच्या मापाचं काहीबाही. बारा-बारा तासांची शिफ्ट. लग्न होऊन ती सोनूबाईच्याच घरात आली. पोरगी अबोल, कामसू. सोनूबाईला ती मनातून आवडायची, पण आवडतं म्हणून सांगायची सवय कुणाला होती? तेजलला दिवस गेले तेव्हा आपल्याला किती आनंद झालाय हे सोनूबाईनं सगळ्या गल्लीला सांगितलं, तेजलला सोडून. आणि चौथ्या महिन्यात पोटातलं गेलं. दवाखान्यात तेजल कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली, सभोवती माहेरची माणसं, नर्स, शेजारच्या कॉटवरची बाई. तिथं सोनूबाई म्हणाली, "बारा-बारा तास शिफ्टा करायच्या, मग दुसरं काय होणार?"

बास. एवढंच. बरी झाल्यावर नवराबायकोनं गोरेगावला खोली बघितली आणि सामान हलवलं. केतन अधूनमधून येऊन औषधं, किराणा देऊन जायचा, पाच मिनिटं बसायचा. मग मुलगी झाली. नाव मैत्री ठेवलं, ते सोनूबाईला फोनवरून कळलं. तिनं त्याआधीच डिंकाचे लाडू करून ठेवले होते. बाळ बघायला आपल्याला न्यायला येतील म्हणून डबा फळीवर ठेवला. न्यायला कुणी आलं नाही. लाडू खवट झाले तेव्हा तिनं डबा रिकामा केला, घासला आणि परत फळीवर ठेवला.

"तू जा की," शकु म्हणायची. "गोरेगाव काय लंडनला आहे?"

"माझ्या दाराला कडी नाही," सोनूबाई म्हणायची. "यायचं त्यानं यावं."

आता विहाराचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथं घडलं. वर्षावासाचे तीन महिने वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायची पद्धत. बाया पांढऱ्या साड्या नेसून येतात, वंदना होते, एक जण वाचतं, अर्थ सांगतं, आणि आश्विन पौर्णिमेला समाप्ती होते. त्या दिवशी खीर असते आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणीतरी उभं राहून मनोगत सांगतं, म्हणजे या वाचनातून आपण काय घेतलं ते. यंदा वाचायला सपना होती. सपना गल्लीतलीच पोर, मुलुंडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. तिचा आवाज असा की बाया घरचं दूध उतू गेलं तरी उठत नसत.

समाप्ती झाली आणि बायांना करमेना. संध्याकाळ झाली की पाय विहाराकडे वळायचे आणि विहार बंद. शेवटी शकुनंच सपनाला गाठलं. "तू कॉलेजात पोरांना काय शिकवतेस? तेच आम्हाला सांग."

"अगं मावशी, मी दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी कादंबरी शिकवते."

"मग? त्या काळी तिकडं माणसं नव्हती का?"

झालं. दर रविवारी संध्याकाळी वंदना झाल्यावर एक भाग, असं ठरलं. विहार कमिटीच्या सहदेवांनी जरा नाक मुरडलं, पण पहिल्या रविवारी तेच पहिल्या रांगेत बसलेले दिसले.

कादंबरीचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना. बाया तिला 'बिडवेलबाईची गोष्ट' म्हणायला लागल्या. ही मिसेस बिडवेल विलायतेतल्या एका कापड गिरण्यांच्या गावातली. सात वर्षांची असताना तिला गिरणीत लावलं. चालत्या मशीनखाली सरपटत जाऊन कापूस वेचायचा, असं काम. तिथं तिची दोन बोटं गेली. मालकानं त्या दिवसाचा रोज कापला आणि दुसरी पोर घेतली. ती बाई पुढं स्वतःच्या हिमतीवर गिरणीतल्या पोरींसाठी खानावळ काढते. पोरींना गरम जेवण देते, पण जिभेनं सोलून काढते. तिचा एकुलता एक मुलगा टॉम. तो खानावळीतल्याच नॅन नावाच्या पोरीशी लग्न करतो. आणि तापाची साथ येते तेव्हा ही बाई आजारी नॅनला खानावळीबाहेर काढते, बाकीच्या पोरींना लागण होईल म्हणून. थंडी अशी की रस्त्यावरचं पाणी गोठलेलं. टॉम बायकोला उचलून घेतो आणि दूर बंदराच्या गावी निघून जातो.

"टॉम्या शहाणा निघाला," शकु म्हणाली. सोनूबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं.

सपनानं त्या दिवशी पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं. म्हणाली, "अशा गोष्टीत दोन गोष्टी बघायच्या. एक, समाज माणसाचं काय करतो. आणि दुसरी, माणूस त्यातून पुढं काय होतो. लेखकाला सांगायचंय की बिडवेलबाई जन्माला आली तेव्हा अशी नव्हती. तिला गिरणीनं अशी केली. लहान पोरांना राबवणारे मालक, बघून न बघितल्यासारखं करणारं गाव, चर्चमध्ये दयेवर प्रवचन देणारे पाद्री, सगळ्यांनी मिळून केली."

सोनूबाईच्या अंगातून गरम चहा प्यायल्यासारखं काहीतरी गेलं. इतकी वर्षं हेच तर तिला कुणीतरी म्हणावं असं वाटत होतं. देवनारचा तो ढीग, तो वास, ओरडल्याशिवाय न मिळणारं पोटभर. ते कुणी बघितलं? तिनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघा. म्हणजे बाईची चूक नाही. तिला जगानं तशी केली."

शकु म्हणाली, अगदी साध्या आवाजात, जशी ती भाजीचा भाव सांगायची, "मशीननं बोटं नेली गं. जीभ नाय नेली. जीभ तिचीच होती."

दोन-तीन बाया हसल्या. सोनूबाई उठली आणि चपला पायात सरकवून घरी निघून गेली.

घरी येऊन तिनं भात टाकला आणि गॅस पेटवायचा विसरली. शकुचा राग आला होता, पण राग बाजूला सारला तरी ते वाक्य तिथंच बसलेलं. कारण एक गोष्ट शकुला ठाऊक नव्हती, केतनला नव्हती, गल्लीत कुणालाच नव्हती. सोनूबाईला एकटीला ठाऊक होती. वीस-पंचवीस वर्षं त्या प्रसूतिगृहात काढल्यावर तिला पक्कं माहीत होतं की इस्त्री केल्यानं आणि उभं राहिल्यानं असं पोटातलं जात नाही. डॉक्टरीणबाई शंभरदा बायकांना तिच्यासमोर सांगायच्या, तुमचं काही चुकलेलं नाही, असं होतं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. हे सगळं माहीत असताना ती तेजलला तसं बोलली होती. दुःख झालं होतं आणि ते कुणाच्या तरी अंगावर टाकायचं होतं, आणि समोर सगळ्यांत गरीब तेजलच होती.

पुढच्या रविवारी ती जाणार नव्हती. तरी गेली. कारण बिडवेलबाईचं पुढं काय होतं ते कळल्याशिवाय तिला चैन पडेना. शकुनं जागा करून दिली, ती बसली, दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

आणि इथं सोनूबाईची एक चूक होत होती. ती इंग्रजी शिकलेल्या माणसाकडून झाली नसती. वर्षावासात ग्रंथ ऐकत म्हातारं झालेल्या माणसाकडूनच होणार. ग्रंथात कितीही वाईट माणूस येवो, शेवटी तो हात जोडून शरण येतो. माणसं मारणारा दरोडेखोर येतो, तोही चीवर घालून भिक्खू होतो. सोनूबाईनं जन्मभर हेच ऐकलेलं. तेव्हा जाड पुस्तकातली कुठलीही गोष्ट अशीच संपते, हे तिनं गृहीत धरलं होतं. बिडवेलबाई वळणार. टॉम आणि नॅन येणार. फक्त कसे येणार, एवढंच ऐकायचं राहिलं होतं. मनातून ती एक करारच करून बसली होती: तिकडं टॉम आला की इकडं केतन-तेजल येतील.

गोष्टही तशीच चालली होती, त्याला ती काय करणार. बिडवेलबाईला पश्चात्ताप होतो. ती घराचं फाटक रात्रंदिवस उघडं ठेवते. खिडकीत रस्त्याकडे तोंड करून खुर्ची मांडते. नाताळात तीन ताटं मांडते. बंदराच्या गावी जा-ये करणारी घोडागाडी तिच्या कोपऱ्यावर थांबते, तिची घंटा ऐकली की ती उठून बघते, टॉम उतरला का. शेजारीण म्हणते, तूच का जात नाहीस? बिडवेलबाई म्हणते, माझं फाटक उघडं आहे.

हे वाक्य सपनानं वाचलं तेव्हा विहारात एकही बाई सोनूबाईकडे बघत नव्हती. सगळ्या मुद्दाम दुसरीकडे बघत होत्या, आणि ते तिच्या बरोबर लक्षात आलं.

त्या आठवड्यात भाजीवाल्यापाशी तिनं सपनाला अडवलं. "काय गं, येतो ना तो टॉम?"

"मावशी, रविवारी ऐका की."

"तू नुसतं हो की नाही सांग."

सपना कोथिंबिरीची जुडी उगाच उलटसुलट करत राहिली. "असं मधूनच सांगितलं तर मजा जाते," ती म्हणाली, पण तिच्या तोंडावर मजा काही दिसत नव्हती.

शेवटच्या रविवारी विहार भरला होता. वंदना झाली. सपनानं पुस्तक उघडलं आणि थांबली. "शेवट चांगला नाहीये," ती म्हणाली. "पाहिजे तर मी थोडं बदलून सांगते. कुणाला काय कळणार आहे?" बोलली सगळ्यांना, पण बघत होती एकीकडेच.

"आहे तसं सांग," सोनूबाई म्हणाली. "खोटं सांगायला टीव्हीवाले आहेत."

सपनानं आहे तसं सांगितलं. बिडवेलबाई म्हातारी झाली. खिडकीतली खुर्ची झिजली. एका थंडीत ती खुर्चीतच गेली, आणि सकाळी दूधवाल्याला फाटक उघडंच दिसलं. टॉमला कळायला वेळ लागला. तो आला, बरोबर नॅन होती, आणि त्यांची मुलगी, उंच झालेली, आजीला कधीच न पाहिलेली. नॅननं ते फाटक ओढून घेतलं. बिजागऱ्या गंजल्या होत्या, लागता लागेना. तिथं पुस्तक संपलं.

पदर डोळ्यांना लागले. शकुनंही नाक पुसलं आणि पुटपुटली, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, दुसरं काय."

सोनूबाई रडत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती, हिशेब न जुळल्यासारखी.

"सपना, ती घोडागाडी कुठं थांबायची म्हणालीस?"

"कोपऱ्यावर."

"तिच्याच घराच्या?"

"हो मावशी."

"रोज?"

"रोज."

"मग चढली का नाही?"

सपना थोडी गोंधळली. "तेच तर लेखकाला दाखवायचंय. बाईला चूक कळली. पण ती कळून बाई खुर्चीतून उठली नाही. कळणं आणि बदलणं यात…"

"मूर्ख बाई," सोनूबाई म्हणाली. एवढं म्हणून ती उठली, बुद्धमूर्तीपुढं हात जोडले आणि घरी गेली. तिला खरोखर राग आला होता, सख्ख्या बहिणीचा यावा तसा.

पुढच्या रविवारी मनोगत होतं. ग्रंथाला असतं तसं गोष्टीलाही असावं, असं बायांनीच ठरवलं होतं, आणि सोनूबाईनं बोलावं असं शकुनं सुचवलं होतं. खीर झाली. सगळ्या जमल्या. सोनूबाईचा पत्ता नाही. शकु बोलवायला गेली तर दाराला कुलूप. त्या दाराला कुलूप शकुनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ती परत आली, म्हणाली, "सुरू करा रे," आणि मग तोंड फिरवून बराच वेळ पंख्याकडे बघत बसली.

सोनूबाई त्या वेळी मेट्रोत होती. तिकीट कसं काढायचं ते एका पोरीला विचारलं, गाडी कुठं बदलायची ते दुसऱ्या पोरीला विचारलं. कुणाच्या दारी ती आयुष्यात रिकाम्या हातानं गेली नव्हती. आज निघताना फळीवरचा लाडवांचा डबा हातात घेतला होता आणि परत ठेवला होता. काहीतरी नेलं की त्याच्याआड लपता येतं, हे तिला चांगलं माहीत होतं. वाटेत तिनं वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. गोरेगावला उतरून रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, बिल्डिंगखाली उतरली, लिफ्ट बंद होती म्हणून सहा माळे चढली. दारापाशी पोचली तेव्हा जुळवलेलं एकही वाक्य शिल्लक नव्हतं.

दार तेजलनं उघडलं. कडेवर मैत्री. पोरीच्या हातात अर्धं चावलेलं बिस्कीट.

तेजल बघत राहिली. आत या म्हणाली नाही. "हे ड्युटीवर आहेत," ती म्हणाली.

"मी तुझ्याकडं आले."

सोनूबाई दम लागलेला आवरत चौकटीला धरून उभी राहिली. मग तिच्या तोंडून जे आलं ते तसंच आलं, धड जुळवलेलं नाही.

"दवाखान्यात मी जे बोलले. शिफ्टचं. तसं नसतं, तेजल. कामानं असं जात नाही. मी आख्खी जिंदगी त्याच वॉर्डात काढली, मला ते माहीत होतं. माहीत असून बोलले."

जिन्यात खाली कुणीतरी कुकर लावला होता, त्याची शिट्टी झाली. तेजलनं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"मला खरं वाटलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही म्हणालात म्हणून. इतकी बाळंतपणं बघितलेली बाई म्हणते म्हणजे खरंच असणार. ही पोटात होती तेव्हा नऊ महिने मी इस्त्रीला हात लावला नाही. रात्री दचकून उठायचे, की आज जास्त चालले का."

हे सोनूबाईनं कधी धरलंच नव्हतं. तेजल रागावली असेल, रुसली असेल, एवढंच तिला वाटलेलं. पोरगी ते वाक्य खरं मानून एवढे दिवस जगली, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"तुझं काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. आता ती रडत होती आणि पदर डोळ्यांना लावायचं भान नव्हतं. "काही म्हणजे काही नाही."

"हे तेव्हा म्हणायला पाहिजे होतं."

"हो."

"कितीदा वाटलं, तुम्ही याल."

"मी तुमचीच वाट बघत बसले. अक्कल नाही मला."

मैत्रीला मात्र असल्या गोष्टीत रस नव्हता. तिनं बिस्कीट टाकून दिलं आणि त्या नव्या बाईच्या चष्म्याकडे झेप घेतली. सोनूबाईचे हात आपोआप वर आले, इतकी बाळं झेललेले हात, आणि अर्ध्यावरच थांबले. तिनं ते मागे घेतले, पाठीमागे नेऊन एकमेकांत धरून ठेवले, आणि तेजलकडे पाहिलं.

तेजलनंही ते हात पाहिले. मग ती दारातून बाजूला झाली.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "बेसिन आत, डाव्या बाजूला आहे."